जित्तेपणीची श्रद्धांजली

संग्रामपूर,
१ जुलै

प्रिय सौमित्र,

अक्षर ओळखून पत्र बाजूला ठेवायचा विचार केला असशील, तर तसं करू नकोस. तीन वर्षं तू माझा फोन उचलला नाहीस, माझा नंबरही बंद करून टाकलास, त्याचं नंतर पाहू. आधी चांगली बातमी ऐक. पूल झाला. आज शाळेचा पहिला दिवस होता आणि धोंडखेडची एकूण एक पोरं कोरड्या पायांनी नाला ओलांडून शाळेत गेली. हे तू वाचशील तेव्हा गुरुजी आणि गोजरकाकू तुझ्या घरी पुण्यात पोचलेले असतील. ऑपरेशनची तारीख या खेपेला बिनधास्त घे, तुझे वडील तयार आहेत. मी स्वतः तीनदा विचारून खात्री केली. तिसऱ्या वेळी मला शिव्या बसल्या, त्यावरून खरंच तयार आहेत असं समज.

हात जरा अडखळतोय. अकरा वर्षं झाली, आमदारांचा पीए म्हणून मी रोज पंधरा-वीस पत्रं लिहितो, पण ती सगळी गजेंद्रभाऊंच्या सहीची. 'उपरोक्त विषयास अनुसरून' लिहिल्याशिवाय माझं पेनच पुढे सरकत नाही. सकाळी सात वाजता भाऊंच्या ओसरीवर चपलांचा ढीग लागतो. कोणाच्या शेतावरची विजेची डीपी जळालेली असते आणि गहू सुकायला लागलेला असतो, कोणाच्या पोरीला वसतिगृहात जागा हवी असते, कोणाचा भाऊ ठाण्यात बसवून ठेवलेला असतो. भाऊ ऐकतात, माझ्याकडे बघतात, मी लिहितो. तुला हे सगळं नाटक वाटतं, ठाऊक आहे मला. पण डीपी खरंच बसते रे, पोरीलाही जागा मिळते. सगळं नाही, पण पुष्कळ होतं. अडचण एवढीच, की भाऊंपर्यंत काय पोचतं आणि काय पोचत नाही, ते माझ्या हातात असतं.

आपल्या दोघांना चौथीत गुरुजी म्हणून तुझे वडीलच होते. निवृत्त झाल्यावर लोक पारावर बसतात, तुझे वडील नाल्यावर जाऊन उभे राहिले. या काठच्या बाभळीला आणि त्या काठच्या उंबराला दोर बांधायचा आणि पावसाळाभर सकाळ-संध्याकाळ एकेका पोराला पाण्यातून पार करायचं. तीन वर्षांपूर्वी अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाच्या दोन नळ्या बंद आहेत, उशीर करू नका. तू पुण्यात दोनदा तारीख घेतलीस. दोन्ही वेळा त्यांचं एकच पालुपद, "पोरांले कोन पार करीन? पूल झाल्याबिगर म्या गाव सोडत नाई." त्याच वर्षी दसऱ्याला तू आलास आणि सोनं वाटायच्या वेळी मारुतीच्या देवळासमोर सगळ्यांदेखत माझी कॉलर धरलीस. आमदाराचा माणूस म्हणवतोस आणि माझ्या बापासाठी एवढासा पूल करता येत नाही, असं तू विचारलंस. मी म्हणालो, फाईल वर अडकली आहे. तू मला सोनं न देताच निघून गेलास.

आता माघातली गोष्ट ऐक. काकूंनी तुला फोनवर हसत-हसत सांगितली असेल, पण त्यांना अर्धीच ठाऊक आहे. भाऊ बुलढाण्याची बैठक आटोपून परतत होते, मी गाडीत शेजारी बसलेलो. आमचा कार्यकर्ता हर्षल, त्याचा फोन आला की धोंडखेडचे रामराव मारोडे गेले. मला वाटलं, आपले गुरुजीच. ज्या बातमीची तीन वर्षं भीती होती, ती हीच. शहानिशा करायची तर विचारायचं कोणाला? काकूंना अशा वेळी काय विचारणार, आणि तुझ्याकडे माझा नंबर बंद. आमच्या धंद्यात लग्नाला उशिरा गेलेलं चालतं, मयतीला नाही. भाऊंनी गाडी तशीच धोंडखेडकडे वळवायला सांगितली. वरवटला पुष्पचक्र घेतलं आणि मी मांडीवर लेटरहेड ठेवून शोकसंदेश लिहायला घेतला. असले संदेश मी झोपेतही लिहू शकतो. 'कधीही न भरून निघणारी हानी' वगैरे. त्या दिवशी मात्र तसं काही सुचेना. मी लिहिलं की धोंडखेडच्या लेकरांना दोराच्या आधारानं भर पुरातून पार करणारा माणूस आज गेला, आणि त्यानं ज्यांना बाराखडी शिकवली त्यांच्यापैकी कोणीही त्याच्यासाठी काही केलं नाही. डोळे पुसत लिहीत होतो. भाऊंनी चालत्या गाडीत न वाचता सही केली, नेहमीसारखी.

पाच गाड्या तुमच्या दारात थांबल्या. भाऊ हात जोडून, चेहरा पाडून उतरले. पुढे, वाटेत येऊन मिळालेला हर्षल ते चक्र घेऊन. आणि ओट्यावर तुझे वडील हरभऱ्याचे घाटे सोलत बसलेले. चष्म्यावरून त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "या भाऊ, बसा. कोन गेलं?" मी गाडीचं दार धरून उभा राहिलो. आतून काकू पदराला हात पुसत आल्या, चक्र पाहिलं आणि जी तोफ डागली म्हणतोस! "माह्या कुकवावर काऊन उठले रे तुम्ही? घेऊन जा ते आंधी!" गेले होते ते धोंडखेड खुर्दचे रामराव मारोडे, तुमच्याच भावकीतले. खुर्द की बुद्रुक एवढं मी विचारलं असतं तरी भागलं असतं.

भाऊंनी माफी मागितली, हर्षलनं चक्र गाडीच्या डिकीत लपवलं, आणि मी हातातला कागद खिशात कोंबणार तोच गुरुजींनी हात पुढे केला. चौथीत वही मागायचे तसाच. मी दिला. त्यांनी तो वर्गातल्या आवाजात, स्वल्पविरामांना थांबत, मोठ्यानं वाचला. आम्ही पंचवीस माणसं अंगणात हाताची घडी घालून उभी. वाचून झाल्यावर माझ्याकडे पाहून म्हणाले, "चांगलं लिवलं बे. जित्तेपणी माह्याबद्दल कोनी एवढं बोललं नाई." सगळे हसले, काकूसुद्धा. भाऊ तेवढे हसले नाहीत. त्यांनी स्वतःच्या सहीचं ते पत्र तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं होतं. गुरुजींच्या मागे खुंटीवर दोर टांगलेला होता, त्याच्याकडे पाहत भाऊंनी विचारलं, "गुरुजी, पूल नाई तथी? अकरा वर्सं झाले मी निवडून येऊन राह्यलो. मले एक अर्ज काऊन नाई देला?"

गुरुजींच्या मांडीशी एक निळी प्लास्टिकची फाईल होती. गाड्या दिसताच त्यांनी ती आतून आणवली होती. बिचाऱ्यांना वाटलं, आमदार पुलासाठीच आले. त्यांनी फाईलीवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मग फाईल सतरंजीखाली सरकवली, तिच्यावर नीट मांडी घातली आणि म्हणाले, "अर्ज द्याचा राहूनच गेला, भाऊ. म्हातारा झालो, इसरून जातो."

त्यानंतर भाऊंनी जे केलं ते तुला सांगायलाच हवं, कारण तू त्यांनाही कमी शिव्या दिलेल्या नाहीस. त्याच आठवड्यात त्यांनी आपल्या निधीतून पूल सुचवला. नाल्याच्या पलीकडची चार पावलं जागा वनखात्याची निघाली आणि कागद अडला. भाऊ सकाळीच त्या अधिकाऱ्याच्या खोलीत जाऊन बसले. दुपारी घरून आणलेली भाकरी आणि ठेचा त्याच्याच टेबलावर सोडला आणि म्हणाले, सही होईस्तोवर मी रोज इथंच जेवतो. दुसऱ्या दिवशी त्या अधिकाऱ्यानं ठेचा खाल्ला आणि तिसऱ्या दिवशी सही केली. पुढची फाईल मी स्वतः, टेबलामागून टेबल, हातात धरून फिरवली. एप्रिलात स्लॅब पडला. त्यावर रोज पाणी मारायला गुरुजी छत्री घेऊन हजर, काकू मागून ओरडताहेत. गेल्या रविवारी उद्घाटन झालं. भाऊ भाषणात म्हणाले, "गुरुजींनी मले एकदाच सांगतलं आन् म्या काम केलं." टाळ्या वाजल्या. मी आपल्या चपलेच्या अंगठ्याकडे पाहत उभा होतो.

आज सकाळी नाला दुथडी भरून वाहत होता. मी मुद्दाम गेलो. गुरुजी सवयीनं दोर खांद्यावर टाकून आलेले. पोरं पुलावरून धावतच गेली, गुरुजींकडे वळून पाहायलाही कोणी थांबलं नाही. मला जरा वाईट वाटलं. त्यांना नाही वाटलं. शेवटची पोरगी शाळेच्या फाटकात शिरली तसे ते पुलाच्या कठड्यावर बसले आणि म्हणाले, "चाल, आता सौमित्रकडे जातो." सौमित्र, इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मी तिथंच रडलो, लाज वाटली नाही. तो दोर तुला दिसेल. काकूंनी त्यानंच वळकटी बांधली आहे.

आता ते, ज्यासाठी हे पत्र आहे. त्या निळ्या फाईलीत काय होतं, ते तिथं गुरुजींना आणि मला, दोघांनाच ठाऊक होतं. त्यात अकरा वर्षांत पाठवलेल्या त्यांच्या अर्जांच्या प्रती होत्या आणि प्रत्येक अर्जाला आलेलं उत्तर, 'आपला अर्ज पुढील कार्यवाहीस्तव सादर करण्यात आला आहे.' ती उत्तरं मी लिहिलेली. अर्ज कुठंही सादर झाला नव्हता. पहिला आला तेव्हा मी नवा होतो, अर्ज मतदानाचे बूथ पाहून वर-खाली लावायचो, आणि धोंडखेडच्या बूथवर भाऊंना मतं कमी होती. म्हणून तो मी खालच्या गठ्ठ्यात टाकला. पुढच्या वर्षी दुसरा आला, तो वर काढावा तर पहिल्याचं काय केलं हे सांगावं लागलं असतं. असं करत गेलो. फाईल वर कुठंच अडकलेली नव्हती, सौमित्र. ती माझ्या कपाटात होती. तू माझी कॉलर धरलीस तेव्हाही तिथंच होती, आणि दर पावसाळ्यात तुझा बाप छातीवर हात दाबून पाण्यात उभा होता. परवा मी त्यांच्यापुढे कबूल केलं, भाऊंना सांगून नोकरी सोडतो म्हणालो. ते म्हणाले, "तू लिवतं हे मले पहिल्याच पत्रात समजलं व्हतं. वाटे, आज ना उद्या लाज वाटीन. आता भाऊले सांगून काय भेटते? पाच-पन्नास पूल आजूक बाकी हायेत, ते कर. पन सौमित्रचं भांडन खरं व्हतं, एवढं त्याले लिवून दे. आपल्या सहीनं." म्हणून हे लिहिलं. पुण्याच्या गाडीसाठी ते दोघं इथं आलेत, आत्ता त्यांना वाचायला दिलं, त्यांनी मार्जिनमध्ये लाल पेननं 'पाहिले' असं लिहिलं आहे. गुण विचारले तर म्हणाले, "ते सौमित्र देईन." तू शून्य दिलेस तरी चालेल. फक्त ऑपरेशन झालं की एक फोन कर, माझा नंबर तोच आहे.

तुझाच,
उद्धव