बोट वर होईपर्यंत

बाबा,

गेल्या आठवड्यात साहेबानं मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि स्वतःच्या हातानं चहा करून दिला. तेव्हाच मी काय ते ओळखलं. इंग्रज माणूस भर कामाच्या वेळी हाताखालच्याला चहा करून देतो तेव्हा काहीतरी वाईट ऐकायचं असतं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. आधी तो उन्हाबद्दल बोलला, मग माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि शेवटी म्हणाला, "यू हॅव हॅड अ गुड इनिंग्ज." माझ्या जागी आता ओमानी माणूस घ्यायचा आहे. ज्याला घ्यायचं तो पोरगा माझ्याच हाताखाली शिकला, हुशार आहे, देशही त्याचा आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. फक्त साहेबाची इच्छा अशी की मी स्वतःहून राजीनामा द्यावा, म्हणजे निरोप थाटात होईल आणि कुणाला कडू बोलावं लागणार नाही. गुरुवारपर्यंत विचार कर, म्हणाला. मी चहा संपवला, थँक यू म्हटलं आणि बरका गावाकडे निघालो, कारण तिथल्या साइटवर पंप बंद पडला होता.

गाडी चालवताना आपलं गावचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आलं. तुम्ही मस्कतच्या इंग्रज साहेबांच्या मेसमधली नोकरी कायमची सोडून आला होतात आणि मी त्या वर्षी गणपतीला रजेवर आलो होतो. आई आमटी ढवळत होती. तुम्ही पाटावर बसून सांगत होतात, की मेसचा म्हातारा माळी गेला तेव्हा मोठा साहेब म्हणाला, गुड इनिंग्ज, म्हणजे त्याचा डाव चांगला झाला. आईनं हातातला आमटीचा डाव वर धरला आणि विचारलं, "कुठला, हा?" आपण तिघंही पोट धरून हसलो. मग तुम्ही समजावून सांगितलंत, की ते लोक माणूस मेला तरी असंच म्हणतात आणि नोकरी संपली तरी असंच म्हणतात. आईनं हसणं थांबवून विचारलं, अहो, तुम्हाला काढलं तर नाही ना? तुम्ही म्हणालात, "मला कोण काढतंय? मीच निघालो, कुणी सांगायच्या आधी." इतकी वर्षं मी ते खरं धरून चाललो. बरक्याच्या रस्त्यावर मला पहिल्यांदा सुचलं, की मी कितीतरी शुक्रवार त्या मेसमध्ये घालवले आणि माळी म्हणून कुणी कधी पाहिला नाही. तिथं सगळी खडी आणि धूळ होती. मेसला बागच नव्हती, बाबा.

ते शुक्रवार मला आवडायचे. मी नुकताच टेक्निशियन म्हणून इथे लागलो होतो आणि सुट्टीला तुमच्याकडे यायचो. थंडीच्या दिवसांत मेसमागच्या माळावर काथ्याची चटई अंथरायची, चुन्यानं रंगवलेले दगड मांडून सीमारेषा करायची आणि साहेब लोक पांढरे कपडे घालून दिवसभर क्रिकेट खेळत बसायचे. तुमचं खातं चहाचं. काकडीची सँडविच साहेबांना कडा कापून द्यायची, त्या कडा आपण दोघं तंबूमागे बसून चहात बुडवून खायचो. बाद झालेला साहेब तुमच्याजवळ खुर्ची ओढून घरच्या गोष्टी सांगायचा: गावाच्या मधोमध हिरवळ, एका अंगाला चर्च, दुसऱ्या अंगाला पब, बाकावर म्हातारे, आणि पाऊस आला की सगळे पबमध्ये. तुम्ही ते मला असं सांगायचात जणू सासुरवाडीला जाऊन आलात.

आणि तो दाढीवाला इंजिनियर. चेंडू त्याच्या बॅटला चाटून मागे गेला, गोलंदाजानं अपील केलं, अंपायरनं मान हलवली. नाबाद. तरी त्यानं बॅट काखेत मारली आणि तो तंबूकडे चालायला लागला. मी म्हणालो, मूर्खच आहे. तुम्ही किटलीवरची नजर न काढता म्हणालात, "मूर्ख तू. लागलं हे त्याला कळलंय ना? मग बोट वर व्हायची वाट कशाला बघायची?" त्या दिवशी पहिला कप तुम्ही त्याला दिलात. पुढे तुम्ही हे सगळ्याच बाबतीत लावायला लागलात. लग्नघरी यजमानाला जांभई यायच्या आत उठायचं, दुकानदाराचं तोंड वाकडं व्हायच्या आत पायरी उतरायची. आईला तर या इंग्रजी शिस्तीचा वीट आला होता, कारण कुठेही गेलं की पोटभर जेवायच्या आधी तुम्ही चपला शोधत असायचात.

मागच्या उन्हाळ्यात मी ते सगळं बघून आलो. तुमची नात, माझी लेक, इंग्लंडमध्ये नोकरी करते, तिनं बोलावलं. क्रिकेट तिथं लोकांच्या तोंडात बसलंय. जिनं जन्मात बॅट धरली नसेल अशी दुकानातली बाईसुद्धा एखादा धक्का बसला की 'इट नॉक्ड मी फॉर सिक्स' म्हणते, आपल्याकडे 'माझी विकेट गेली' म्हणतात तसं. एका रविवारी नातीनं मला जवळच्या गावी नेलं. हिरवळ खरंच होती. चर्च होतं, पब होता, बाकावर म्हातारेही होते, पण ते खेळ बघत नव्हते, पेपर वाचत होते. एक बाई कुत्र्याला घेऊन थेट मैदानातून गेली आणि खेळाडू तिच्यासाठी थांबले. चहा होता, सँडविच मात्र सुपरमार्केटची, कडांसकट. आणि एका फलंदाजाच्या बॅटला चेंडू लागला. आवाज आम्हाला बाकावर ऐकू आला. गडी ढिम्म. ग्लोव्ह्ज नीट केले, आभाळाकडे बघितलं, अंपायर काही बोलला नाही, पुढे चालू. संध्याकाळी पबमध्ये तोच त्या गोलंदाजाला बिअर पाजत होता. भिंतीवर जुन्या संघांचे फोटो होते. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याला मी तुमच्या दाढीवाल्याची गोष्ट सांगितली. तो प्रेमानं हसला आणि म्हणाला, असं आमच्याकडे आता कुणी करत नाही. बोट वर होईपर्यंत हलायचं नाही, तोवर तुम्ही खेळातच असता. मला तुमच्यासाठी फार वाईट वाटलं. एका माणसाला एकदा चालत जाताना पाहिलंत आणि त्याच्यावर अख्खा जन्म बेतलात.

गुरुवारी मी केबिनमध्ये गेलो. आता थकलोय मी, बाबा. मला इथून निघायचंच आहे, उन्हाचा कंटाळा आलाय, मस्कतजवळच्या सीबमधल्या माझ्या फ्लॅटच्या जिन्याचाही आलाय. राजीनामा दिला असता तर सगळ्यांचं सोपं झालं असतं. साहेबानं पुन्हा चहा केला आणि माझ्याकडे बघत बसला. मी म्हणालो, "सर, मी राजीनामा देणार नाही. जे काय आहे ते तुम्हीच सांगा." तो लाल झाला. पेन उचललं, खाली ठेवलं. मग टेबलाकडे बघत म्हणाला, की वर्षअखेर तुमची नोकरी संपते, आय ॲम सॉरी. माणूस वाईट नाही. पण ते वाक्य त्याला बोलावं लागलं याचं मला बरं वाटलं. तुमच्या वेळी कुणाला तरी ते बोलावं लागायला हवं होतं.

हे तुम्हाला पाठवायचं कुठं, हा प्रश्न आहेच. पण पत्ता असता तरी मी पाठवलं नसतं, कारण त्या संध्याकाळी नातीचा फोन आला. तिला तिच्या आईकडून अर्धवट कळलं होतं. मराठीत असले शब्द तिला चटकन सापडत नाहीत. ती अडखळत म्हणाली, "बाबा, डिड दे... त्यांनी तुम्हाला काढलं का?" मी म्हणालो, नाही गं, राजीनामा दिला. तिचा जीव भांड्यात पडला. म्हणाली, "अगदी आजोबांसारखं." मी हो म्हटलं.