जहाज अडलंय वरच्या मजल्यावर

ती. ताईस,
धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

तुझी पाठ कशी आहे? गरम पाण्याची पिशवी वापरतेस, की नवी राहावी म्हणून कपाटात ठेवून दिली आहेस? भावजींना नमस्कार सांग (कानाचं यंत्र बसलं असेल तर हळू सांग). इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खुशाल फक्त ही आहे. मी तीन आठवड्यांत सलग पाच मिनिटं खुर्चीत बसलेलो नाही. हे पत्रसुद्धा थोडं टेबलावर, थोडं ओट्यावर आणि थोडं खिडकीत उभं राहून लिहितोय, तेव्हा अक्षर मध्येच बदललं तर घाबरू नकोस. फोन का केला नाही असं विचारशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतोय.

आपल्या शनिवारच्या संगणकावरच्या खेळातलं जहाज तीन आठवडे बंद आहे, हे तुला ठाऊक आहे. पण पडद्यावर ‘जोडणी होत नाही’ असं दिसलं की तू कपड्यांच्या घड्या घालायला निघून जातेस, त्यामुळे इथे काय रामायण घडतंय याचा तुला पत्ता नाही. दंतवैद्य सुकाणूवर, ग्रंथपालबाई शिडांवर, निवृत्त बसचालक पाणी उपसायच्या पंपावर, हिची मावसबहीण भटारखान्यात, तू जखमा बांधायला, आणि मी कप्तान. मी कप्तान का, तर खेळ माझ्या संगणकावर चालतो आणि तुम्ही सगळे आपापल्या घरून माझ्याकडे येता म्हणून. माझ्या कप्तानपदाला दुसरं कुठलंही कारण नाही, हे मी पुरतं ओळखून आहे. आता दंतवैद्याने कळवलंय (फार गोड भाषेत, तो दात उपटतानाही असाच बोलतो) की या शनिवारी चारपर्यंत जहाज सुरू झालं नाही, तर खेळ त्याच्या दवाखान्यातल्या संगणकावर हलवू. म्हणजे कप्तान तो. ताई, चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोक मला ‘अहो, हे धूसर दिसतंय’ एवढंच सांगतात. आठवड्यातून दोन तास कोणीतरी ‘कप्तान, आता काय करू?’ असं विचारतं. ते मला हवं आहे, यात लपवायचं काय?

तर, उपाय. पहिल्या आठवड्यात राउटर बंद करून, दहा आकडे मोजून पुन्हा सुरू केला. मग वीस मोजले. मग ही म्हणाली, त्याला हवा लागत नसेल, म्हणून तो कपाटावर ठेवला, तिथून फ्रिजवर, तिथून खिडकीत (तिथे त्याच्यावर कबुतर बसलं). मदत केंद्रातल्या बाईंनी दिवा हिरवा आहे का विचारलं, मी हो म्हटलं, त्या म्हणाल्या मग सगळं उत्तम आहे, आणि फोन ठेवला. दुसऱ्या आठवड्यात मागच्या बारक्या भोकात टाचणी खुपसून सगळं मुळापासून पुसून टाकलं. त्यात पासवर्ड गेला. संतापाच्या भरात नवा पासवर्ड घातला आणि संताप उतरल्यावर तो आठवेना. हिची मालिका अर्ध्यात अडकली, तेव्हापासून आमटीत मीठ बेताचं नसतं.

शेवटी मंगळवारी लाइनवाला आला. फतकल मारून बसला, आधी नवा पासवर्ड घालून दिला, पंधरा मिनिटं खटाटोप केला आणि म्हणाला, ‘‘काका, तुमचं दार उघडंच आहे. वरचं बंद आहे.’’ त्याने सांगितलं ते असं. घरात लाइन आधी येते वर दादाच्या मजल्यावर, त्याच्या डब्यात (राउटरला तो डबा म्हणतो). तिथून जिन्यातून एक वायर खाली माझ्या डब्यात येते. तुम्ही पाहुणे आधी दादाच्या दारात जाता, आणि दादाचा डबा तुम्हाला ओळखत नाही. त्यात फक्त एक नंबर भरायचा, की या नंबराने कोणी आलं तर त्याला खाली पाठव. जुन्या डब्यात हे दादानेच करून दिलं होतं (तेव्हा आम्ही बोलत होतो). तीन आठवड्यांपूर्वी त्याने नवा डबा आणला आणि जुनी ओळखपाळख सगळी गेली. दोन मिनिटांचं काम आहे म्हणत लाइनवाला वर गेला, अर्ध्या तासाने चहा पिऊन खाली आला आणि निरोप दिला, ‘‘ज्याला हवंय त्याने स्वतः यावं.’’

आता तू म्हणशील, जा की मग. कसा जाऊ? जिन्याखालच्या चपलांच्या मांडणीवरून आमचं बोलणं बंद होऊन आठ महिने झाले, आणि त्यात माझी चूक नव्हती (अर्धी होती). मी मांडणी डावीकडे ठेवली, त्याचा गुडघा आपटला, त्याने ती उजवीकडे नेली, माझी छत्री अडकू लागली, मी ती परत आणली. असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी आम्ही दोघं एकाच वेळी तिचं एकेक टोक धरून उभे होतो, तेव्हा जे बोललो ते तुला सांगण्यासारखं नाही.

तरी मी स्वस्थ बसलो नाही. नवी लाइन मागितली, तर पंधरा दिवस लागतील म्हणाले. बुधवारी जिन्यात उभं राहून हिला मोठ्याने नंबर म्हणून दाखवला, म्हणजे वर आपोआप ऐकू जाईल. ही त्याहून मोठ्याने म्हणाली, ‘‘मला कशाला सांगताय? वर जा!’’ वर रेडिओचा आवाज वाढला. काल त्याच्या वर्तमानपत्रात चिठ्ठी सरकवली: ‘सदर नंबर उघडावा.’ टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस तो! तासाभरात चिठ्ठी शेरा मारून परत आली: ‘अर्जदाराचे नाव व सही नाही.’ मी ती फाडली, मग तुकडे जुळवले, मग पुन्हा फाडली. आज शुक्रवार. दुकानात एका गिऱ्हाईकाला वाचायचा चष्मा देण्याऐवजी मी माझाच देऊन टाकला, आणि त्याला तो आवडला.

असो. सहज लिहिलं. काम काही नाही. पाठीला जप.

तुझा धाकटा

ता. क. एवढं वाचलंच आहेस, तर दादाला एक फोन कर. त्याच्या डब्यात भरायचा नंबर मागे लिहिला आहे. आपण होऊन केला असं दाखव. तो ‘धाकट्याने सांगितलं का?’ असं विचारेल, त्याला ‘छे’ म्हण. तुझं तो ऐकतो.

ता. क. २. फोन करू नकोस. कागदाचा फोटो काढायला उजेड कुठे बरा म्हणून जिन्यात गेलो आणि पाय थांबेनात, वरच गेलो. दार दादानेच उघडलं. कसा आहेस नाही, काही नाही, चष्मा पुसत म्हणाला, ‘‘नंबर?’’ आत संगणकावर नंबर भरायचं पान उघडंच होतं. वहिनी हळूच म्हणाली, मंगळवारी लाइनवाला गेल्यापासून हे पान असंच आहे, मला यंत्र बंद करू देत नाहीत. ताई, मला तिथेच रडू येत होतं. त्याने एका बोटाने एकेक आकडा मोठ्याने म्हणत भरला. मी खाली धावत येऊन बसचालकांना फोन केला, आणि दुसऱ्या मिनिटाला ते जहाजावर! माझ्या मागोमाग दादाही खाली आला होता. बराच वेळ मागे उभा राहून बघत होता. मग म्हणाला, ‘‘यात अजून माणूस लागतो का?’’ आणि मी आनंदात म्हणून बसलो, लागतो.

ता. क. ३. लागत नाही. जहाजावर जागा सहाच आहेत, सातवा आत येत नाही, आत्ताच तपासलं. आता कोणाला उतरवू? दंतवैद्याकडे सोमवारी माझी दाढ काढायची आहे. ग्रंथपालबाईंची चार पुस्तकं मुदत उलटून माझ्याकडे पडली आहेत. बसचालकांना उतरा म्हणायची माझी छाती नाही. हिच्या मावसबहिणीला काढलं तर मलाच घर सोडावं लागेल. उरलीस तू. तू आपली आहेस, म्हणून तुलाच सांगता येतं. उद्या चार वाजता येऊ नकोस. दादा तुझ्या जागेवर, माझ्या खुर्चीत बसून मघापासून बसचालकांच्या हाताला पट्ट्या बांधतोय. त्यांना काहीही झालेलं नाही. पण आठ महिन्यांनी खाली आलाय गं, त्याला ऊठ कसं म्हणू?