अण्णांची उचकी

१२ जून १९९६, बुधवार

अण्णांचा केमोचा तिसरा डोस झाला. रिक्षात बसल्या बसल्या ड्रायव्हरला म्हणाले, "स्वल्प हळू रे, नाहीतर सगळं तुझ्या पाठीवर!" तो हसला. त्याला थट्टा वाटली. मी पिशवी मांडीवर उघडून तयार! चिकपेटला घरी पोचेपर्यंत कोरडी राहिली. जिंकलो.

१३ जून

मोहरी तडतडली की अण्णांना उलटी. फोडणी बंद! "सगळ्याला खिळ्यांची चव येते," म्हणतात. जन्मभर हार्डवेअरचं दुकान चालवलं, खिळे ओठांत धरले — त्यांना ती चव माहीत असणारच. स्टीलचा चमचा काढून आइस्क्रीमचा प्लॅस्टिकचा दिला. गार दहीभात गेला थोडा!

१५ जून

सकाळपासून उचकी. साखर झाली, पाणी झालं, श्वास रोखून झाला. डॉक्टर फोनवर म्हणाले, औषधानंच होते. गोळी लिहून दिली.

"कुणीतरी आठवण काढतंय. नावं घे," अण्णा म्हणाले. आत्या घेतली, शेजारच्या अक्का घेतल्या, उधारी बुडवलेली गिऱ्हाइकंसुद्धा. उक्! उक्!

मग अण्णाच हळूच म्हणाले, "गुंडू."

थांबली!

गुंडूकाका म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, निपाणीचा. आजी गेली तेव्हा भांडले ते आजवर बोलले नाहीत.

(गोळी घेऊन अर्धा तास झाला होता. मी गप्प बसले.)

१६ जून

एसटीडी बूथवरून निपाणी लावली. काकांना आजारपणाचा पत्ताच नव्हता. आधी ओरडले. मग — "काय खायला जातं त्याला?"

१८ जून

काका आले. दारात दोघं एकमेकांच्या टकलाकडे बघत उभे. अण्णांचे केस औषधानं गेलेले, काकांचे आपोआप.

"तुला रे कुठला डोस दिला?" अण्णांनी विचारलं. हसून हसून दोघांना ठसका!

२१ जून

तोंडात फोड आलेत. काका बर्फाचे बारीक तुकडे करून देतात. बर्फ चोखत रमी चालते. दोघंही लबाडी करतात.

२५ जून

यकृतातल्या गाठी वाढल्यात. "दुसरं औषध देऊन बघता येईल," डॉक्टर म्हणाले. मी लगेच — द्या!

अण्णांनी विचारलं, "त्यानं बरा होईन?"

"नाही. कदाचित थोडे दिवस वाढतील."

घरी आल्यावर मी चिडले. "असं कसं अण्णा, लढायचं नाही?"

"अगं, लढतोय कुठं? नुसता ओकतोय."

काका पत्ते पिसत राहिले. वाटलेच नाहीत.

२७ जून

डोस बंद. दुखण्यावरच्या गोळ्या विकत घेतल्या. उद्या आम्ही तिघं निपाणीला. अण्णांना तिथेच राहायचंय, शेवटपर्यंत.

बँकेत रजा मागायला गेले. "किती दिवस?" साहेबांनी विचारलं.

"माहीत नाही," म्हटलं. मनात म्हटलं — पुष्कळ लागू देत.