लाल दोरा

ता. ९ मार्च

चि. बारक्या,

ताईचे आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. इकडे सगळे बरे आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात आणि आईही. बाबांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान आता मी चालवते. गिऱ्हाईक आत येतं, माझ्या हातातली कानस बघतं आणि विचारतं, दुकानात कोणी माणूस नाही का.

तुझं नवं दुकान जोरात आहे, छान झालं. रिकामं काडतूस ओढून काढणारा कारखान्याचा एक्स्ट्रॅक्टर काढून तुझा मोठा आकडा बसवून घ्यायला लोक रायफली घेऊन रांगा लावतात म्हणे. लावतीलच. कारखान्याची ती पातळ पट्टी झिजली की रिकामं काडतूस आत अडकून बसतं, आणि तुझा आकडा ते मुकाट बाहेर खेचतो. तुझ्या हाताला कसब आहे, हे ऐकतच तर मी या घरात मोठी झाले.

पाटीवर बाबांचं नाव घालायला त्यांची परवानगी हवी, म्हणतोस. वर त्यांच्या मोतीबिंदूची चौकशीही केली आहेस.

मोतीबिंदू नव्हताच रे.

तू इथून जाताना बसवलेला शेवटचा आकडा आठव. नळी मागून बंद करणाऱ्या बोल्टच्या तोंडाशी काडतुसाच्या बुडाभोवती पोलादाची अखंड कड असते. आकड्यासाठी तिला खाच पाडावी लागते, आणि काडतूस बुडाशी फाटलं तर आगीला तिथूनच वाट मिळते. म्हणून तर बाबांचा नियम होता. रायफल फळीला बांधायची, लांबून दोरीने चाप ओढायचा, भरल्या काडतुसांचे बार काढायचे, आणि आकडा जागचा हलला नाही असं बघूनच चापाच्या कड्याला लाल दोरा बांधायचा. तू रिकामी काडतुसं खटाखट ओढून बघितलीस आणि दोरा बांधून मोकळा झालास. तुला गाडी गाठायची होती.

तू गेल्यावर बाबांनी ती रायफल खांद्याला लावली. मी म्हटलं, एकदा बांधून बघूया.

"त्याने दोरा बांधलाय ना?" बाबा म्हणाले.

पहिल्याच बाराला काडतूस फाटलं, आकडा खाचेतून उडाला आणि त्यांचा उजवा डोळा गेला.

मोतीबिंदूची थाप त्यांचीच. खरं कळलं तर पोर पुन्हा कानशीला हात लावणार नाही, म्हणाले. डोळा त्यांचा गेला आणि काळजी तुझ्या हाताची! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी शपथ घातली म्हणून इतके दिवस तोंड शिवून बसले.

आज शपथ मोडते आहे, ती तुझ्या पत्रातल्या एका ओळीमुळे. 'सकाळी रायफल द्या, संध्याकाळी लाल दोऱ्यासकट न्या,' अशी जाहिरात केलीस म्हणतोस. एवढ्या रायफली, आणि बांधून बार कधी काढतोस रे? की अजून तसाच दोरा बांधतोस? त्या प्रत्येक रायफलीला कोणीतरी गाल लावणार आहे. गेलेल्या सगळ्या परत मागव. लाज वाटली तरी मागव.

बाबांनी नावाला होकार दिलाय. काल हसत म्हणाले, घाल म्हणावं. मात्र पत्रातून कळलेला हा होकार पुरेसा धरू नकोस. हवा असेल तर इथे येऊन, त्यांच्या समोर उभं राहून माग.

आणि येशील तेव्हा त्यांच्या डाव्या बाजूने ये. उजवीकडून आलास तर कोण आलंय ते त्यांना दिसत नाही.

तुझीच,
ताई