पोटावरचा बिल्ला आणि तिसरं कडवं

ती. व्हर्नन दाजींस,

डेलचा टोपी न काढता नमस्कार. तुमच्या गुडघ्याला नवी वाटी बसवल्याचं ओपलताईने कळवलं. आता चालताना ती करकर थांबली असेल (आपल्या काउंटीतले चोर त्या करकरीवरच सावध व्हायचे, शेरीफचा बिल्ला उतरवून तुम्हाला बारा वर्षं झाली, तरी त्यांना चुकल्यासारखं वाटत असणार). माझी तब्येत ठणठणीत आहे. डोकं तेवढं फिरलंय, त्याची हकीकत ऐका.

नॅशव्हिलच्या रेकॉर्ड कंपनीला माझ्या चाळीस वर्षांतली निवडक वीस गाणी एका अल्बममध्ये काढायची आहेत. असले अल्बम बहुधा माणूस गेल्यावर निघतात, त्यामुळे मी जिवंत असल्याचं फोनवर दोनदा सांगावं लागलं. अल्बमचं नाव ‘कायद्याला न जुमानणारा’. तिथल्या ब्रिनली नावाच्या मुलीने (वय सव्वीस, माझ्या गिटारचा पट्टा तिच्याहून जुना आहे) मला बोलावून सांगितलं की, सोळाव्या गाण्यातला माझा खोकला काढून टाकलाय आणि स्टील गिटारचा आवाज कमी केलाय, कारण ती फार रडते. स्टील गिटार रडणार नाही तर काय तिकिटं विकणार? पण तेही मी गिळलं.

मग ती म्हणाली की, ‘पोटावरचा बिल्ला’ वगळावं लागेल, कारण ज्याच्यावर ते रचलंय तो शेरीफ हयात आहे. उद्या कोर्टात गेला तर? त्याची लेखी परवानगी आणा, नाहीतर गाणं बाद. दाजी, ज्या गाण्यावर टेक्सासातलं प्रत्येक नाचघर मला ओळखतो, ते बाद! मी म्हटलं, ‘‘पोरी, काउंटीच्या जत्रेत महापौरांच्या हातातला माइक घेऊन मी अकरा गाणी म्हटली, म्हणून त्या माणसाने मला बेड्या घातल्या. त्याच्याकडे मी परवानगी मागू?’’ (अकरावं गाणं संपेपर्यंत तुम्ही स्टेजखाली बुटाने ठेका धरून थांबला होतात, हे सांगितलं नाही. उगाच तुमची अब्रू जायची.) तुमच्या पोटावरची ती दोन कडवी मी कोठडीत लिहिली, याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पोट होतंच तेवढं.

मी स्पष्ट सांगितलं, हे गाणं नाही तर अल्बम नाही, आणि दार आपटून निघालो. (टोपी राहिली होती म्हणून परत जावं लागलं. निघताना पुन्हा आपटलं.) आजवर कुणापुढे हात पसरले नाहीत, आताही पसरणार नाही, एवढं कळवण्यासाठीच हे पत्र.

ताईला नमस्कार.

तुमचा न सुधारलेला मेहुणा,
डेल मॅकाडू

ता. क. सोबत परवानगीचा कागद आहे. फुलीपाशी सही करून शुक्रवारच्या आत पाठवा.

ता. क. दुसरा. मागे आणखी एक कागद जोडलाय, तोही वाचा. तिसरं कडवं व्हर्नन टीग यांचं, असं त्यात लिहिलंय. टोपी घ्यायला परत गेलो तेव्हा हे सांगितलं, तर ब्रिनली हादरलीच. ‘‘अहो, कायद्याला न जुमानणाऱ्याला शेरीफ कडवी पुरवायचा? लोक हसतील! तुमचं नाव बुडेल!’’ म्हटलं, ‘‘बुडू दे. छापायचं तर असंच छापा.’’ अडतीस वर्षं मी सांगत आलो की, ते कडवं मला गजांतून चंद्र बघताना सुचलं. त्या कोठडीला खिडकी नव्हती, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी दोन कडव्यांवर अडून बसलो होतो आणि ताईने दिलेल्या बीन्स नि मक्याचा पाव आत सरकवताना तुम्ही सहज बोलून गेलात, ‘‘कुलूप मीच लावलं, अन् दाराला कान लावून मीच बसलोय.’’ पहिल्या दोन कडव्यांना लोक हसतात, तिसऱ्याला टोप्या काढतात. त्या टोप्या तुमच्यासाठी होत्या. मी त्या माझ्याच म्हणून घेत राहिलो आणि तुम्ही ताईपाशीसुद्धा कधी काही बोलला नाहीत. एकदा तरी भांडायचंत, दाजी.

ता. क. तिसरा. वर ‘टोपी न काढता नमस्कार’ लिहिलंय. तेवढं खोडून घ्या.