सोबत तीन खर्डे

शनिवार, १२ जुलै

प्रिय सुई,

‘अनेक आशीर्वाद’ असं लिहिलं होतं, ते खोडलं. आशीर्वाद देणाऱ्याला निदान समोरच्याच्या डोळ्यांत बघता आलं पाहिजे. तू, आई, बाबा सगळे बरे असाल. नव्या शाळेत रुळली असशील. इकडे वर्गातला पंखा अजून तसाच कुरकुरतो. तुझ्या जागेवर आता बडबडी बसते आणि तू वर्षभर जे बोलली नाहीस ते सगळं एका तासात बोलून टाकते. ग्रंथालयात नवं कपाट आलं, पण किल्ली हरवली. त्यामुळे पुस्तकं अगदी सुरक्षित आहेत.

वर्गात सगळे तुला सुई म्हणायचे, शिंप्याची मुलगी आणि अंगानं बारीक म्हणून. मीही म्हणायचे. तुला ते आवडतं का, हे कधी विचारलं नाही.

ही सगळी टाळाटाळ चालली आहे, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. मुद्द्यावर येते.

मंगळवारी तुझ्या नव्या शाळेतल्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, “पोरगी हुशार आहे हो, पण निबंधाचा कागद कोराच देते. विचारलं की म्हणते, मला लिहिता येत नाही. तिच्या जुन्या प्रगतिपुस्तकात ‘नक्कल केली’ असा शेरा आहे, खाली तुमची सही. काय झालं होतं नेमकं?”

मी म्हटलं, “आत्ता तास आहे माझा, मग बोलते.” तास नव्हता. मी शिक्षकांच्या खोलीत चहा पीत बसले होते. कप खाली ठेवला तो पुन्हा उचलवला नाही.

काय झालं होतं ते तुला माहीत आहे, पण अर्धंच. भिंतीवरचा माझा तक्ता आठवतो ना? विचार गोळा करा, आराखडा आखा, कच्चा खर्डा लिहा, खाडाखोड करून सुधारा, मग पक्की प्रत काढा. पक्क्या प्रतीला खर्डा जोडलेला नसेल तर शून्य. तुम्ही माझ्या पाठीमागे मला खर्डेबाई म्हणायचात, तेही ठाऊक आहे. खरं सांगू? मला त्याचा अभिमान वाटायचा.

स्पर्धेसाठी तू ‘आमच्या घरातला आवाज’ हा निबंध दिलास. शिलाई मशीनवरचा. त्यात एक वाक्य होतं: ‘मशीन थांबलं तरी बाबा मोठ्यानंच बोलतात, आणि मग स्वतःच दचकतात.’ ते मी दोनदा वाचलं. सातवीतल्या मुलीला हे सुचणार नाही, असं मनाशी म्हटलं. खरं म्हणजे ते मलाही सुचलं नसतं, आणि जे मला सुचत नाही ते तुला कसं सुचेल, एवढाच माझा हिशेब होता. वर्गात मी त्याला नियमाचं नाव दिलं.

“खर्डा कुठे आहे?”

“पुसला, बाई.”

“कागदावरचं पुसतात होय?”

वर्ग हसला. मी हसू दिलं. लाल पेनानं शून्य दिलं, मोठ्या बाईंना सांगून स्पर्धेतून नाव काढलं, शेरा मारला. तू खाली बसलीस आणि दप्तराचा बंद बोटाला गुंडाळत राहिलीस. तो बुधवार होता.

आता तुला माहीत नसलेलं अर्धं.

शुक्रवारी मी दुरुस्तीला टाकलेला कोट आणायला गेले. दुकान तुझ्या बाबांचं आहे हे मला माहीत नव्हतं. बेतायच्या टेबलावर काळं कापड पसरलेलं होतं आणि त्यावर खडूनं ओळीच ओळी. मला वाटलं मापं असतील. वाकून बघितलं तर अक्षर तुझं, लिखाण कुठल्यातरी दुसऱ्याच निबंधाचं.

तुझे बाबा हसून म्हणाले, “आमच्या पोरीचं लिखाण आहे ते. शाळेतून आली की इथंच बसते. आधी खडूनं लिहिते, मला वाचून दाखवते. मी म्हणतो, इथं जरा ढगळ झालंय, इथं काखेत अडकतंय. मग ती पुसते, परत लिहिते. पाच-पाच, सहा-सहा वेळा! कापायच्या आधी खडूनंच आखायचं, बाई. कात्री लागली की संपलं.” मग म्हणाले, “दोन दिवस झाले, खडूला हात लावला नाही तिनं. म्हणून मीही हे झटकलं नाही.”

माझा तक्ता, पाचच्या पाच पायऱ्या, त्या टेबलावर होत्या. मी वीस वर्षं मुलांना जे सांगत आले ते कुणी इतक्या मनापासून केलेलं मी पहिल्यांदा पाहत होते.

पावतीवरचा शाळेचा पत्ता बघून त्यांनी विचारलं, “तुम्ही तिच्याच शाळेत शिकवता ना? कुठल्या वर्गाला?”

“मोठ्या वर्गांना,” मी म्हणाले. कोट घेतला आणि निघाले.

निबंधांचं पाकीट सोमवारी जाणार होतं, सुई. माझ्या हातात शनिवार होता, रविवार होता, सोमवारची सकाळ होती. मोठ्या बाईंना एवढंच सांगायचं होतं की माझं चुकलं. मी सांगितलं नाही. पाकीट गेलं. मग परीक्षा आल्या, वर्ष संपलं, आणि तू शाळा सोडलीस तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हेच लिहायला बसले होते. चूक कुणाच्याही हातून होते. मी मात्र खरं काय ते कळल्यावर तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

हे पत्र चौथ्यांदा लिहिते आहे. वीस वर्षं पायऱ्या शिकवल्या, स्वतः कधी चढले नव्हते. पहिल्या खर्ड्यात ‘थोडा गैरसमज झाला’ असं लिहिलं. कुणाचा, ते लिहिलं नाही. दुसऱ्यात ‘नियम सगळ्यांना सारखा असतो’ यावर एक पान खर्ची घातलं. तिसऱ्यात तुझी माफी मागितली, पण शुक्रवारचा कोट गाळला. तुझ्या बाबांनी पहिल्याच ओळीला म्हटलं असतं, हे माप तुमच्या अंगाचं नाही, बाई.

गुरुवारी मोठ्या बाईंना सगळं सांगितलं, शुक्रवारचा कोटसुद्धा. शेरा रद्द झाला आहे. तसं पत्र, त्यांच्या आणि माझ्या सहीचं, तुझ्या नव्या शाळेला गेलं आहे. तिथल्या बाईंना फोनही केला. काल वर्गातही सांगितलं. मग बडबडीनं विचारलं, “बाई, मग आता शून्य कुणाला?” मी खडू घेतला आणि तक्त्याखाली माझं नाव लिहून पुढे शून्य काढलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर मला बरं वाटलं असतं.

स्पर्धा मात्र परत आणता येत नाही. ते मी कापून टाकलं, आणि ते आता जोडलं जाणार नाही.

तुझ्या बाबांना भेटून सांगायचं आहे, पण आधी तुला सांगणं भाग होतं. त्यांना काय सांगायचं आणि मी दुकानाची पायरी चढायची की नाही, हे तू ठरव. उत्तर दिलं नाहीस तरी मला समजेल. मला माफ करू नकोस हवं तर, पण कागद कोरा देऊ नकोस. तुला लिहिता येतं. हे आत कुठेतरी मला त्या बुधवारीच कळलं होतं, म्हणून तर मी तशी वागले.

नियमाप्रमाणे तिन्ही खर्डे सोबत जोडले आहेत. एकही ओळ पुसलेली नाही. पहिल्याची सगळ्यात जास्त लाज वाटते, म्हणून तो वर ठेवला आहे. नीट तपास. ढगळ वाटेल तिथे खूण कर.

तुझ्या हाती लाल पेन देऊन उभी असलेली,
खर्डेबाई