रेणूची माय

कोलकाता,
१८ जानेवारी

तीर्थरूप आत्याबाईंना पुनमचा नमस्कार.

इकडं सगळं ठीक. तुमचा गुडघा कसा आहे? भोकरला थंडी असेल, गार पाण्यात हात घालू नका. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. चष्मा लावून सावकाश वाचा, शेजारच्या शीलाकडून वाचून घेऊ नका. फोनवर बोलायला गेलं की रेणू फोन ओढून घेते आणि माझं सांगायचं राहूनच जातं.

आमचा डिटेक्टर एकदाचा चालला! तुम्ही गल्लीभर 'सून डिटेक्टर बनवती' म्हणून सांगून ठेवलंत आणि सिद्धलिंगकाका माझ्यासाठी बोअर पाडायचे थांबलेत म्हणे. त्यांना सांगा, हातावर नारळ धरून पाणी दाखवणाऱ्यालाच बोलवा. माझ्या यंत्राला पाणी दिसत नाही, इलेक्ट्रॉन तेवढे कळतात. पायॉन नावाच्या हजार कणांच्या गर्दीत एखादाच इलेक्ट्रॉन असतो, आणि वरवर दोघं सारखेच. पण आमच्या गॅसच्या डब्यातून जाताना इलेक्ट्रॉन मंद उजेड सोडतो. पायॉन जड, त्याला ते जमत नाही. सर म्हणाले, "पुनम, तुझा डबा सहसा फसत नाही."

सगळ्यांना पेढे वाटले आणि होस्टेलवर येऊन रडले.

दिवाळीत रेणू ओट्यावरून पडली तेव्हाचं आठवतं ना? "माय!" म्हणून ओरडली आणि आपण दोघीही धावलो. मी जवळ होते. ती माझ्या हाताखालून निसटून तुम्हाला बिलगली. तुम्ही तिलाच रागावलात, "ए येडे, मी आज्जी हाय. तुझी माय ही हाय, हिला माय म्हण!" ती आणखीच रडायला लागली. दूध उतू चाललंय म्हणून मी आत गेले. शेगडीवर दूध नव्हतंच, हे तुम्हालाही माहीत होतं.

घरातली रेणू सोडून मी अणूच्या पोटातलं शोधत बसलेय, हे मनाला फार लागतं. पण तिला तसं शिकवू नका. जी दिवसरात्र उचलून घेते ती माय. पोरीनं बरोबर ओळखलंय. दयानंद गेले तेव्हा सगळे म्हणाले, हिला शिलाई मशीन घेऊन द्या. तुम्ही म्हणालात, "तू शीक. लेकरू मी बघती." तुमचा तर पोटचा मुलगा गेला होता.

आता मूळ गोष्ट. मला इथं कायमची नोकरी मिळाली, दोन खोल्यांचं क्वार्टरही. रेणूला घेऊन जाते असं लिहायला बसले, पण लिहवेना. तिला ओढून आणल्यावर तुमच्या घरात राहिलं काय?

म्हणून तुम्ही दोघी या. शेत सिद्धलिंगकाका बटईनं करतील. ज्वारी मी मागवून घेईन. इथले लोक मासे खातात, पण आपल्या ताटात आणून टाकत नाहीत, तेव्हा घाबरू नका.

मन नसेल तर स्पष्ट नाही म्हणा. मग रेणू तुमच्याजवळच राहील आणि मी सुट्टीला येत जाईन. रुसून नाही, विचार करून लिहितेय. ती मला काहीही म्हणो, अगदी पुनम म्हणो.

खाली 'तुमची सून' असं लिहिणार होते. हात वळला नाही.

तुमचं थोरलं लेकरू,
पुनम